मोठनाक्याचं डोकं

दांग माओशेंग जाऊन एकवीस दिवस झाले, त्या सकाळी चिनफू तालुक्याच्या सांस्कृतिक केंद्राची पांढरी गाडी त्यांच्या दारात येऊन थांबली. त्यांची मुलगी शूछिन अंगणात वडिलांची रजई उन्हात टाकत होती. गाडीतून हातमोजे घातलेले दोघे जण उतरले. त्यांनी आत जाऊन फोटोपुढं तीनदा वाकून नमस्कार केला, उदबत्ती लावली आणि बाहेर येऊन म्हणाले, "ताई, पेटी न्यायचीय. सगळ्यांचे फोटो काढायचेत. आठवड्यात परत आणून देतो."

पेटी म्हणजे सावल्यांच्या खेळाची. बैलाच्या चामड्यातून कोरलेल्या, रंगवलेल्या बाहुल्या. दिव्यापुढं धरल्या की पांढऱ्या पडद्यावर राजे, राण्या, चोर, म्हाताऱ्या आणि भुतं हिंडू लागायची. वेई नदीच्या दोन्ही काठांवरची गावं माओशेंगनी या पेटीच्या जोरावर पन्नास वर्षं हसवली होती. शूछिन शाळेत भाषा शिकवायची, पण लहानपणापासून सुट्टीत वडिलांशेजारी बसून तीही चामडं कोरायला शिकली होती. पेटी उचलू द्यायला तिचं मन होईना. पण बाबांच्या कामाची सरकारदरबारी नोंद होतेय म्हटल्यावर नाही तरी कसं म्हणायचं?

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "डोकी वेगळी आहेत, या जाड वहीच्या पानांत. धडांना लावून ठेवू नका. खेळ संपला की डोकं काढायचंच असतं."

"का बरं?"

"डोकं लावून ठेवलं तर बाहुली जिवंत होते. मग पेटीत मारामाऱ्या."

दोघं हसले आणि त्यांनी पावती फाडून दिली : 'बाहुल्या, दोनशे साठ नग.' डोक्यांचा उल्लेख नव्हता.

त्या दोनशे साठांतला एकच नग शूछिनला हवा होता, लांब नाकाचा विनोदी म्हातारा मोठनाक्या, आणि तोही अर्धाच. जायच्या चार दिवस आधी बाबा उशीला टेकून म्हणाले होते, "शंभराव्या दिवशी माझ्यापाशी येऊन मोठनाक्याचा खेळ कर. रडारड नको. खेळ झाला की त्याचं डोकं माझ्यासाठी जाळ. धड राहू दे तुला."

"नुसतं डोकं घेऊन काय करणार बाबा?"

"सबंध पेटीत माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे गं. बाकी सगळे बापजाद्यांचे नमुने. आणि धडाच्या खिशाला दोन पेनं आहेत, ती घेऊन तिकडं काय करू? तिकडं तरी अर्ज नसतील."

पलीकडं वस्तू पोचवायची तर ती जाळावी लागते. सातव्या दिवशी शूछिनने कागदी घोडा जाळला होता, कागदी टीव्ही जाळला होता, नात्यातल्या कुणीतरी हौसेने आणलेली कागदी मोटारही जाळली होती. बाबांना मोटार चालवता येत नव्हती. त्यांनी तोंडाने मागितलेली अशी वस्तू एकच, आणि ती आता तालुक्याच्या केंद्रात फोटो काढून घेत होती.

आठवडा गेला, तीन आठवडे गेले. फोन केला की तिकडून उत्तर यायचं, साहेब बैठकीत आहेत. आणि मग ते कोरियाचं प्रकरण उपटलं.

कोरियातल्या कुठल्याशा कंपनीने लहान मुलांसाठी कार्टून काढलं होतं. त्यात एक जाडा म्हातारा होता. लांबलचक नाक, तिरकी टोपी, छातीच्या खिशात दोन पेनं. सांस्कृतिक केंद्राने काढलेल्या फोटोंत मोठनाक्याचाही फोटो होता. कुणीतरी तो आणि कार्टूनचं एक मिनिट मोबाइलवर शेजारीशेजारी चिकटवलं आणि वर लिहिलं, 'आता आमचे पूर्वजही चोरले!' संध्याकाळपर्यंत ते चार कोटी लोकांनी पाहिलं होतं.

गेल्या तीन वर्षांत माओशेंगच्या खेळाला जमलेली सर्वांत मोठी गर्दी नऊ माणसांची होती, आणि त्यातले दोघे सावलीला बसले होते. पण आता सगळ्या देशाचा ऊर भरून आला. मोबाइलवर पर्सिमनची सुकवलेली फळं विकणारी एक बाई मोठनाक्याचा प्लास्टिकचा कीचेन छातीशी धरून तासभर रडली. तिची सगळी खोकी खपली. दक्षिणेतल्या एका गेम कंपनीने मोठनाक्याला चिलखत चढवलं, हातात तलवार दिली आणि त्याला 'सांस्कृतिक प्रतिहल्ला' असं नाव दिलं. तलवारीचे पैसे वेगळे होते. शूछिनच्या शाळेच्या खानावळीतून कोबीचं कोरियन लोणचं हद्दपार झालं. दुसऱ्या दिवशी तेच लोणचं 'ईशान्येकडची खास कोबी' म्हणून परत आलं, आणि पोरांनी ते देशप्रेमाने दुप्पट खाल्लं.

त्यात शेजारच्या शीलो तालुक्याने पत्रक काढलं की मोठनाक्या मुळात शीलोचा. चिनफूवाल्यांनी तो लग्नात आंदण मिळाल्यासारखा उचलून नेला. झालं! कोरियावरचा राग निदान दुपारी जेवायला तरी थांबायचा. शीलोवरचा थांबेना.

बासष्टाव्या दिवशी शूछिन स्वतःच केंद्रात गेली.

केंद्राचा कारभार च्याओ साहेब पाहत. हुद्दा उपसंचालकाचा, पण त्यातला 'उप' तालुक्यात आजवर कुणी तोंडाबाहेर काढला नव्हता. साहेबांनी तिला कागदी पेल्यात गरम पाणी दिलं, वडिलांबद्दल दोन चांगले शब्द बोलले आणि मग उठून तिला काचेच्या कपाटापाशी नेलं. आत मोठनाक्या उभा होता. धडावर डोकं होतं.

"याला डोकं लावून ठेवलंय," शूछिन म्हणाली.

"मग? देशाला काय बिनडोक्याचं दाखवायचं?"

कपाटाशेजारी राजधानीहून आलेले प्राध्यापक निंग हातात भिंग घेऊन बसले होते. ते म्हणाले, "आणि याला मोठनाक्या म्हणू नका, बाई. ते गावंढळ नाव झालं. आता हा 'ज्ञानवृद्ध'. मिंग राजवटीचा उत्तरार्ध. छातीवरच्या या दोन शलाका पाहा. दरबारी मानचिन्हं. एक आकाश, एक धरती."

"पेनं आहेत ती."

"सामान्य नजरेला तसा भास होतो."

"वर क्लिपा दिसतायत, सर."

"मेघचिन्ह," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

च्याओ साहेबांनी एक छापील कागद पुढं सरकवला. शूछिनने तो शाळेतला निबंध तपासावा तसा ओळ न् ओळ वाचला. 'ही आकृती दांग घराण्यात अकरा पिढ्या अखंड चालत आली असून तिचा कुणी एक कर्ता नाही. ती चिनफूच्या समस्त जनतेची निर्मिती होय.' खाली मृताच्या वारसाच्या सहीसाठी जागा.

"हे खरं नाही, साहेब. मोठनाक्या बाबांनी केला. चौऱ्याऐंशी साली. त्या आधी तो नव्हताच."

"ताई, जरा हळू." साहेबांनी दार लोटून घेतलं. "चौऱ्याऐंशी साली म्हटलं तर आपण कोरियाशी भांडायचं कशाच्या जोरावर? माझी सायकल त्याहून जुनी आहे. आणि शीलोवाले? ते तर फटाके उडवतील."

"मला पेटी परत हवी. बाबांचा शंभरावा दिवस जवळ येतोय."

"सही करा, पेटी न्या. सही नसेल तर ती पुराव्याची वस्तू. खटला संपेपर्यंत सीलबंद."

"खटला कधी उभा राहणार?"

"ते अजून ठरायचंय."

परत येताना ती फंगकाकांकडं वळली. फंगकाका बाबांचे जन्माचे जोडीदार. बाबा पडद्यामागं बाहुल्या नाचवायचे तेव्हा काका हाताने तंतुवाद्य छेडत आणि पायाने झांज वाजवत. अठ्ठ्याहत्तरीचा हा म्हातारा दारात उकिडवा बसून डोक्याएवढ्या वाडग्यातून शेवया ओरपत होता. वर तिखट तेलाचा लालभडक थर. शूछिनने सगळं सांगितलं. 'अकरा पिढ्या' ऐकताच काकांना ठसका लागला.

"अकरा खेपा गं पोरी, अकरा खेपा! पिढ्या कसल्या डोंबलाच्या?"

ती गोष्ट तिला ठाऊक होती, पण काकांच्या तोंडून ती ऐकायला तिला आज बरं वाटलं. चौऱ्याऐंशी साली खेळांना पुन्हा मोकळीक मिळाली, पण गावोगाव फिरायला परवाना लागायचा, आणि परवान्यावर कलाकेंद्राच्या प्रमुखाचा शिक्का. प्रमुख च्याओ दंगख. आत्ताच्या च्याओ साहेबांचे तीर्थरूप. त्यांच्या खिशाला कायम दोन पेनं, आणि दोन्हीत शाई नसायची. माओशेंग अकरा वेळा चालत तालुक्याला गेले. कधी जन्माचा दाखला आणा, कधी तो दाखला खरा असल्याचा दाखला आणा. अकराव्या खेपेला शिक्का बसला, सहीची वेळ आली, आणि साहेबांनी माओशेंगकडंच पेन मागितलं.

"घरी आला आणि जेवायच्या आधी चामडं घेऊन बसला," काका म्हणाले. "मी विचारलं, काय कोरतोस? म्हणाला, नाक. बाकीचं सुचलं तर बघू."

"आणि साहेब स्वतः खेळाला आले होते ना?"

"पहिल्या रांगेत! हसूनहसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. खेळ संपल्यावर मला म्हणाले, 'फंग, हे नाक मी कुठं तरी पाहिलंय रे.'" काकांनी वाडगं खाली ठेवलं. "आणि ही चोरी चोरी काय लावलीय? खेळ शिकायला आलेली ती कोरियन पोर त्र्याण्णव साली तुमच्याच घरी वीस दिवस राहिली. चामडं खरवडताना बोटं कापून घेतली, तुझ्या आईच्या हातचं खाऊन गाल वर आले तिचे. तुझ्या बापानेच दुसरा मोठनाक्या कोरून दिला तिला. बसस्टँडवर मी सोडायला गेलो होतो. चोराला कुणी बसची जागा धरून देतं का?"

घरी जाऊन शूछिनने ते कार्टून लावलं. चार कोटी लोकांनी पाहिलेलं एक मिनिट नव्हे, सबंध. गोष्ट साधीच होती, म्हातारा सगळ्यांना कागद आणायला पाठवत होता. ते संपलं आणि काळ्या पडद्यावर नावांच्या ओळी वर सरकू लागल्या. कोरियन तिला येत नव्हतं. पण शेवटून दुसऱ्या ओळीतली अक्षरं चिनी होती.

'दांग माओशेंग, चिनफू. हा म्हातारा त्यांनी घडवला आणि मला दिला.'

तिने पडदा तिथंच थांबवला. चुलीवर किटली उकळून उकळून कोरडी पडली, तेव्हा ती उठली. कर्ता म्हणून बाबांचं नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी छापलं होतं, आणि ते चोरांच्या घरी. इतक्या सगळ्या संतापलेल्या माणसांतल्या एकानेही शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते च्याओ साहेबांना दाखवलं. साहेबांनी ओळ दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हा तर कबुलीजबाब!"

"कबुली नाही साहेब, आभार आहेत."

"आभार कोण मानतं? ज्याने काहीतरी घेतलंय तोच ना? न घेणारा कशाला आभार मानेल?" त्यांनी लगेच कुणालातरी फोन लावून ते चित्र मागवून घेतलं. "फक्त हे नाव झाकायला लागेल. नाव दिसलं की गोष्ट एका माणसाची होते."

शूछिन त्यांच्याकडं पाहत राहिली. भिंतीवर मोठनाक्याचं पुरुषभर उंचीचं चित्र होतं आणि त्याखाली साहेब एका बाजूला तोंड करून फोनवर बोलत होते. दोन्ही नाकं एकाच दिशेला होती.

"तुमचे वडील बरे आहेत ना, साहेब?" ती म्हणाली.

"शहाऐंशीचे आहेत. चाकाच्या खुर्चीत असतात. का हो?"

"सहज विचारलं."

साहेब मुद्द्यावर आले. त्रेसष्ट दिवस झाले होते. सत्त्याण्णवाव्या दिवशी, म्हणजे मार्चच्या पहिल्या रविवारी, चौकात ज्ञानवृद्धाच्या पुतळ्याचं अनावरण होतं. चौदा फुटी पुतळा. वारसाच्या हातून खेळ झाला तर सोन्याहून पिवळं. पाच दिवस आधी पेटी घरी येईल, हात बसवायला. समारंभानंतर बाकी सगळ्या बाहुल्या तिच्या.

"आणि मोठनाक्या?"

"तो राष्ट्राचा. प्रांताच्या संग्रहालयात काच तयार आहे. तो परत करायचा, एक नग."

"एक नग," शूछिन म्हणाली.

"एक नग. सही करताय ना?"

तिने मान हलवली. साहेबांनी खिशातलं पेन दिलं. त्यात शाई नव्हती. दुसरं दिलं, तेही कोरडं. शेवटी तिनेच पिशवीतून आपलं पेन काढलं आणि 'तिचा कुणी एक कर्ता नाही' या ओळीखाली स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर चांगलं आलं, शिक्षिकेचं होतं. 

पेटी ठरल्याप्रमाणं आली. शूछिनने सगळ्यात आधी दोनशे साठ मानांवरची डोकी एकेक करून उतरवली. मग बाबांच्या कपाटातून चामड्याचा एक तुकडा काढला. त्यांनी शेवटच्या उन्हाळ्यात तो खरवडून ठेवला होता, इतका पातळ की पलीकडची खिडकी दिसावी. खिडकीपाशी बसून तिने त्यावर मोठनाक्याचं डोकं सुईने आखून घेतलं.

बाबांच्या हाताखाली ती पहिली गोष्ट शिकली होती ती ही, की सुरी हलवायची नाही. सुरी जागच्या जागी उभी धरायची आणि चामडं तिच्याभोवती फिरवायचं. टोपी झाली, भुवई झाली. नाकाला सबंध सकाळ लागली. मग ती कानाशी आली आणि थांबली.

बाबा सहा वर्षांचे असताना गावातल्या खेचराने त्यांच्या डाव्या कानाचा लचका तोडला होता. पाळीच्या जरा वर, दातभर खाच. थंडीत टोपी घालताना ते आधी तो कान आत सारायचे. शूछिनने चामडं फिरवलं, सुरी स्थिर ठेवली आणि मोठनाक्याच्या कानाला ती खाच पाडली. मग डोकं रंगवलं, चहाच्या पाण्यात बुडवलं, चुलीच्या धुरावर धरलं, तेल लावलं.

तालमीला आलेल्या फंगकाकांपुढं तिने दोन्ही डोकी ठेवली.

"यातलं नवं कुठलं?" काकांनी डोळे बारीक केले. एक उचललं, दुसरं उचललं आणि ते उजेडात धरलं. मग कानाच्या खाचेवरून अंगठा फिरवला. "हं," शेवटी म्हणाले, "आलास का म्हाताऱ्या."

सत्त्याण्णवाव्या दिवशी चौकात हजारभर माणसं लोटली. लाल कापड ओढलं आणि चौदा फुटी फायबरचा ज्ञानवृद्ध दोन शलाका छातीला लावून उन्हात चमकू लागला. त्याच घटकेला शीलोत पंधरा फुटी पुतळ्याचं अनावरण चालू असल्याची बातमी आली, त्यामुळं पहिली तीन भाषणं चवथऱ्याची उंची धरावी की न धरावी यावर झाली. मग मंडपातले दिवे मालवले आणि खेळ सुरू झाला.

केंद्राला दिलेल्या कागदावर शूछिनने 'ज्ञानवृद्ध गरिबाची परीक्षा घेतात' असं लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं. पडद्यावर एक खेळिया शिक्का मागायला आला आणि मोठनाक्या म्हणाला, "आधी तू जिवंत असल्याचा दाखला आण." तो आणला. "हा तुझा झाला. तुझ्या गाढवाचा कुठाय?" लोक पहिल्यांदा दबकत हसले, मग मोकळे हसले, मग मांड्या थोपटत हसले. पडद्यामागं उभ्या शूछिनच्या हातात बाबांनी कोरलेलं डोकं होतं आणि तिच्या तोंडून बाबांचे शब्द त्यांच्याच ठेक्यात येत होते. अकराव्या खेपेला मोठनाक्याने एक पेन झटकलं, दुसरं झटकलं आणि नाक लांबवून म्हणाला, "बाबा रे, तुझं पेन दे जरा."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, चाकाच्या खुर्चीतून, एक चिरका आवाज आला.

"अरे, हा तर मी! मीच हा! माओशेंग, लेका, माझं नाक कोरलंस की रे! चाळीस वर्षं शोधतोय मी, हे नाक कुठं पाहिलं म्हणून!" आणि म्हातारे च्याओ दंगख डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

चारही कॅमेरे खुर्चीकडं वळले. च्याओ साहेबांचा रंग आधी पांढरा झाला, मग हिरवट. ते काही बोलणार तोच प्राध्यापक निंग यांनी माइक ओढून घेतला.

"मित्रहो! पाहा हे नाक! पडद्यावर पाहा आणि इथं पाहा! चारशे वर्षं लोटली, राजवटी गेल्या, पण याच मातीत तेच नाक आजही श्वास घेतंय! अखंड परंपरेचा याहून जिवंत पुरावा कोणता?"

टाळ्यांनी मंडप दणाणला. मोबाइलवर 'रक्ताची साक्ष' या शब्दांचा पूर आला. शीलोवाले त्या दिवसापासून गप्प झाले, कारण त्यांच्याकडं तसं नाक फक्त पुतळ्याला होतं. संध्याकाळच्या आत च्याओ घराण्याने ज्ञानवृद्धाचे थेट वंशज म्हणून मान्यता मिळावी असा अर्ज केंद्रात दाखल केला. आपल्याच घरच्या अर्जावर निर्णय देणं बरं दिसत नाही म्हणून च्याओ साहेबांनी तो हाताखालच्या माणसाकडं पाठवला, आणि त्याने तो त्याच दिवशी मंजूर केला. म्हाताऱ्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. ते घरी जाताना खुर्ची ढकलणाऱ्या सुनेला सांगत होते, "अकरा वेळा परत पाठवलं गं मी त्याला. बिचारा चालत यायचा."

मंडपामागं हातमोजेवाला यादी घेऊन उभा होता. शूछिनने मोठनाक्याचं डोकं काढलं आणि वहीत ठेवलं.

"ताई, डोकं लावूनच द्या हं. साहेबांनी सांगितलंय."

"लावूनच देते," ती म्हणाली. तिने वहीचं दुसरं पान उघडलं, त्यातलं डोकं मानेत बसवलं आणि बाहुली त्याच्या हातात दिली. त्याने ती वरखाली पाहिली, यादीवर खूण केली.

"एक नग."

"एक नग."

शंभराव्या दिवशी सकाळी शूछिन आणि फंगकाका थडग्यापाशी गेले. गहू घोट्याएवढा वाढला होता. पॉपलरच्या दोन झाडांमध्ये त्यांनी पांढरं कापड ताणलं आणि मागून येणाऱ्या उन्हाचाच दिवा केला. मोठनाक्याला आता धड नव्हतं, म्हणून शूछिनने त्याला एका राणीचं धड दिलं. राणीच्या पोशाखात मोठनाक्या दाखले मागू लागला तेव्हा काकांना वाजवता येईना इतकं हसू लोटलं. बाबांना हे आवडलं असतं. कदाचित त्यांनी हे पुढं कायम ठेवलं असतं.

मग तिने डोकं काढलं आणि कागदी नोटांच्या जाळावर ठेवलं. चामडं आधी आक्रसलं, टोपी वळली, भुवई गेली. वास चांगला नव्हता. नाक सगळ्यात शेवटी जळालं. शूछिन रडली नाही. तसं ठरलेलंच होतं. काकांनी डोळे पुसले आणि सकाळचं तिखट अजून हाताला आहे म्हणून सांगितलं.

दीड महिन्याने प्राध्यापक निंग यांचा लेख आला. संग्रहालयातल्या नव्या दिव्यांखाली ज्ञानवृद्धाच्या कानावर एक खाच आढळली होती, जी आधीच्या अपुऱ्या उजेडात सर्वांच्याच नजरेतून सुटली होती. प्राध्यापकांनी तिला 'विनयाची खाच' म्हटलं होतं. प्राचीन कारागीर ईश्वरापुढं परिपूर्ण वस्तू ठेवत नसत, असं त्यांचं म्हणणं. लेखाच्या दुसऱ्याच दिवशी वरून हुकूम आला, पुतळा मुळाबरहुकूम दुरुस्त करा.

शूछिन शाळेतून परत येत होती तेव्हा चौकात शिडी लावलेली होती. वर एक कामगार घासायचं यंत्र घेऊन ज्ञानवृद्धाच्या डोक्याला बिलगला होता. खाली च्याओ साहेब हातातल्या फोटोकडं आणि पुतळ्याकडं आळीपाळीने पाहत होते.

"साहेब, नक्की कुठला कान?" कामगार वरून ओरडला. "बाहुलीला एकच कान आहे, याला दोन!"

साहेबांनी फोटो उलटा करून पाहिला.

"डावा," शूछिन म्हणाली. "पाळीच्या जरा वर. अजून वर. हां, तिथं. फार खोल नको, खेचराच्या दाताएवढी."

साहेबांनी तिच्याकडं वळून पाहिलं. "ताई, तुम्हाला बरंच बारकाईनं ठाऊक आहे."

"अकरा पिढ्या बघत आलोय, साहेब," शूछिन म्हणाली.

वर यंत्र सुरू झालं. पांढरी भुकटी साहेबांच्या खांद्यावर पडू लागली. खाच पुरी होईपर्यंत शूछिन मान वर करून तिथंच उभी राहिली.